कठीण खेळ आणि रडीचा डाव : स्पेक्ट्रमवरचे कोणते खेळ आज मुलांना द्यावेत?

माळ्यावरची ट्रंक (प्रश्न)

नमस्कार. शाहूपुरीतल्या आमच्या जुन्या घराचा माळा गेल्या आठवड्यात रिकामा केला, तेव्हा पत्र्याच्या ट्रंकेत काकांचा सिंक्लेअर झेडएक्स स्पेक्ट्रम हा जुना घरगुती संगणक आणि त्याच्या खेळांच्या २७ कॅसेट सापडल्या. काका १९८५ साली कामानिमित्त इंग्लंडला गेले होते, तिथून त्यांनी तो आणला होता. मी तेव्हा सहा वर्षांचा होतो. त्यामुळे खेळांपेक्षा कॅसेट लागताना पडद्याच्या कडेने सरकणाऱ्या लाल-आकाशी पट्ट्या आणि तो कर्कश आवाजच मला अधिक आठवतो. यंत्र अजून सुरू करून पाहिलेले नाही. तूर्त लॅपटॉपवर एम्युलेटर, म्हणजे त्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम, घेतला आहे.

अडचण अशी की, चौदा वर्षांच्या मुलाने यादीत पहिल्यांदा नजरेस पडलेला ‘जेट सेट विली’ लावला, पाच मिनिटांत सगळे जीव गमावले आणि “बाबा, हा गेम रडीचा डाव खेळतो” असे म्हणून तो उठून गेला. दहा वर्षांच्या भाचीची उत्सुकता मात्र अजून टिकून आहे आणि ती मे महिनाभर आमच्याकडेच आहे. ज्यांनी हे खेळ स्वतः खेळले आहेत, त्यांनी एकेका खेळाचे चार-पाच ओळींत परीक्षण लिहावे, ही विनंती. ‘आमच्या वेळी काय मजा होती’ हे मला मान्य आहे, परंतु ते मुलांना पटवता येत नाही. खेळ कठीण असला तरी चालेल, लबाड नसावा.

अकरावी गल्ली

आपल्या मुलाचे निरीक्षण अचूक आहे आणि दुर्दैवाने त्याने सुरुवातच चुकीच्या ठिकाणी केली. जेट सेट विलीमध्ये एका खोलीतून खाली पडत दुसऱ्या खोलीत शिरताना मरण आले, तर पुढचा जीव त्याच जागी, त्याच पडत्या अवस्थेत सुरू होतो. म्हणजे तो जीवही जातो, त्यानंतरचाही जातो, आणि आपण हात बांधून पाहत राहतो. शिवाय १९८४ सालच्या मूळ आवृत्तीत पोटमाळ्याच्या खोलीत एकदा पाऊल टाकले की इतर काही खोल्यांची माहितीच बिघडत असे आणि खेळ पूर्ण करणे अशक्य होऊन बसे. याला रडीचा डाव म्हणायचे नाही, तर कशाला म्हणायचे?

जेट सेट विली लिहिणाऱ्या मॅथ्यू स्मिथचाच आदल्या वर्षीचा ‘मॅनिक मायनर’ मात्र मी कोणालाही निःशंकपणे देईन. एकूण २० गुहा, प्रत्येक गुहा एका पडद्याएवढी. लुकलुकणाऱ्या सगळ्या वस्तू गोळा करायच्या आणि हवा संपण्याआधी दार गाठायचे, एवढाच खेळ. पण त्यातली प्रत्येक गोष्ट शब्दाला जागते. उडी घेतली की तिची कमान ठरलेली, हवेत दिशा बदलता येत नाही. राखणदार ठरलेल्या वाटेवरून ठरलेल्या वेगानेच फिरतात. नशिबावर काहीही सोडलेले नाही. त्यामुळे मेल्यावर पहिल्यांदा राग येतो आणि दुसऱ्या क्षणी चूक आपली होती हे कळते. गुहा म्हणजे हाताच्या बोटांनी सोडवायचे गणित आहे असे मला आजही वाटते. खेळ चालू असताना ग्रीग या नॉर्वेजियन संगीतकाराची धून सतत वाजत राहते, ती कानाला टोचते हे मान्य. पण स्पेक्ट्रममध्ये आवाजासाठी वेगळी चिप नव्हती, जो प्रोसेसर चित्र हलवत होता त्यालाच मधल्या फटीत एकेक सूर काढावा लागत होता, हे मुलाला सांगितले तर तो ती धून निराळ्या कानांनी ऐकेल. खेळ जतन करण्याची सोय नाही आणि तीन जीव संपले की पुन्हा पहिल्या गुहेपासून सुरुवात, एवढा एकच दोष मी मान्य करतो. त्यावर त्या काळी ‘पोक ३५१३६,०’ हा उतारा होता : संगणकाच्या स्मृतीतला एक आकडा बदलणारी ही आज्ञा दिली की जीव कधीच संपत नसत. मुलांना तो पहिल्या दिवशी देऊ नका.

‘चकी एग’ (१९८३) भाचीसाठी. शिड्या चढायच्या, अंडी वेचायची, कोंबड्या टाळायच्या. मॅनिक मायनरमध्ये उंचावरून पडले की मरण ठरलेले. इथे कितीही उंचावरून खाली आलात तरी काही होत नाही, त्यामुळे खेळाला धावपळीची रग येते. आठ पडदे संपले की तेच पडदे पुन्हा येतात, पण आता पिंजऱ्यातले बदक सुटून थेट आपल्या मागे लागते. दहा मिनिटांत समजणारा आणि महिनाभर पुरणारा खेळ आहे.

‘नाइट लोर’ (१९८४, अल्टिमेट कंपनी) दिसायला आजही देखणा आहे. खोल्या तिरप्या कोनातून दिसतात, वस्तू ढकलता येतात, एकीवर एक रचता येतात. नायकाला शाप आहे, रात्र झाली की त्याचा लांडगा होतो, आणि ४० दिवसांच्या आत कढईत योग्य त्या वस्तू योग्य त्या क्रमाने टाकायच्या आहेत. सूर्य-चंद्र खाली एका चौकटीत सरकताना दिसतात, त्यामुळे रूपांतराची पूर्वसूचना मिळते. हा प्रामाणिकपणा झाला. परंतु खोलीत हलणाऱ्या वस्तू वाढल्या की सगळे जड पायांनी चालू लागते, आणि तिरप्या कोनामुळे वस्तू पुढे आहे की वर आहे हे नेमके उडी मारतानाच कळेनासे होते. मुलांच्या शेजारी बसून खेळावा.

आणि ‘स्कूल डेझ’ (१९८४, मायक्रोस्फिअर कंपनी). एरिक नावाच्या मुलाला शिक्षकांच्या खोलीतल्या तिजोरीतून आपले प्रगतिपुस्तक पळवायचे आहे. वर्ग भरतात, घंटा होते, बाकीची मुले आणि शिक्षक आपापल्या वेळापत्रकाप्रमाणे हिंडत असतात. एखादी खोडी झाली की शिक्षक जवळ दिसेल त्या मुलाला लिहायला ओळी देतात, त्याने काही केलेले असो वा नसो. १०,००० ओळी झाल्या की शाळेतून हकालपट्टी. म्हणजे रडीचा डाव इथेही आहे, पण तो खेळ खेळत नाही, गुरुजी खेळतात, आणि सगळा विनोद त्यातच आहे. आपल्यावरची शिक्षा दुसऱ्याच्या गळ्यात घालायला शिकणे हेच या खेळातले कौशल्य. सुरुवातीला शिक्षकांची आणि मुलांची नावे बदलता येतात. आम्ही कोणाची घातली होती ते इथे लिहिता येत नाही. त्यांतले एक सर अजून रंकाळ्यावर फिरायला येतात.

उद्यमनगरकर

परीक्षणाआधी एक सूचना, कारण हे वाचून आपण उत्साहाच्या भरात यंत्रच सुरू कराल. स्पेक्ट्रमला ९ व्होल्ट डीसी लागतो, पण त्याच्या पिनेत आतला भाग ऋण आणि बाहेरचा धन असतो. बाजारातले बहुतेक अडॅप्टर याच्या उलट असतात. घरातला कुठलाही अडॅप्टर खुपसू नका. तसेच कळफलकाची पातळ पट्टी इतक्या वर्षांत ठिसूळ झालेली असणार, त्यामुळे झाकण उघडताना वरचा भाग झटक्याने उचलू नये. कॅसेट लागत नसतील, तर टेपरेकॉर्डरच्या हेडजवळचा लहान स्क्रू अगदी किंचित फिरवून आवाज सर्वांत तीक्ष्ण येईल तिथे थांबवावा. आमच्याकडे चार-पाच मिनिटे शांत बसून कॅसेट ऐकायची आणि शेवटच्या अर्ध्या मिनिटात वीज जायची, हा कार्यक्रम नित्याचा होता.

आता खेळ. मी एकाचेच नाव घेतो : ‘डेथचेस’ (१९८३). मोटारसायकलवरून दाट झाडीत दोन स्वारांचा पाठलाग करायचा, बस. हा खेळ अवघ्या १६ केबी स्मृतीच्या स्पेक्ट्रमवरही चालत असे. झाडे वाढत जातात, दिवसानंतर रात्र येते, आणि वेग असा की डोळ्याची पापणी लवली तर बुंधा समोर. झाड दिसते, आपण आदळतो, दोष पूर्णपणे आपला. आपल्या मुलाला याविषयी तक्रार करता येणार नाही.

एक वेगळी बाब. आमचा टीव्ही कृष्णधवल होता आणि मला स्पेक्ट्रमवरचे रंग पुष्कळ उशिरा दिसले. पण काही अडले नाही, कारण सिंक्लेअरने रंगांचे क्रमांकच उजळपणाच्या चढत्या क्रमाने लावले होते : काळा ०, निळा १, लाल २, किरमिजी ३, हिरवा ४, आकाशी ५, पिवळा ६, पांढरा ७. कृष्णधवल पडद्यावर त्यांच्या करड्या छटांच्या सरळ पायऱ्या दिसत. उलट, रंगीत टीव्हीवर जो दोष उठून दिसे, तो आम्हाला जवळजवळ जाणवलाच नाही. पडद्याचे ३२ गुणिले २४ असे ७६८ चौकोन, आणि एका चौकोनात दोनच रंग. त्यामुळे पळणारा माणूस भिंतीजवळ गेला की भिंतीचा रंग त्याला लागे. नाइट लोरमध्ये प्रत्येक खोली एकाच रंगात रंगवून हा प्रश्नच मिटवला आहे. मुलांना एम्युलेटरवर एकदा करड्या छटांत खेळायला लावा.

फळा आणि डस्टर

मी निवृत्त शिक्षिका आहे. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारच्या ‘क्लास’ प्रकल्पात शाळांना बीबीसी मायक्रो संगणक देण्यात आले, तेव्हा आमच्याही शाळेत ते आले होते आणि त्यांच्या खोलीची किल्ली माझ्याकडे असे. स्कूल डेझबद्दल अकरावी गल्ली यांनी जे लिहिले आहे, त्यावर मी काहीही बोलणार नाही.

शाळा सुटल्यावर मी ‘एलीट’ खेळत असे, हे आज कबूल करायला हरकत नाही. डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल या दोन विद्यार्थ्यांनी लिहिलेला हा खेळ सप्टेंबर १९८४ मध्ये बीबीसी मायक्रोवरच प्रथम आला. हाताशी एक अंतराळयान आणि व्यापाराला १०० क्रेडिट (खेळातले पैसे), सुरुवात लाव्हे नावाच्या ग्रहावर, आणि पुढे काय करायचे ते कोणी सांगत नाही. शेतीच्या ग्रहावर धान्य स्वस्त, यंत्रे महाग. कारखानदारीच्या ग्रहावर नेमके उलटे. शाहू मार्केट यार्डात गुळाचे सौदे पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. ८ आकाशगंगा आणि प्रत्येकीत २५६ ग्रह, आणि ३२ केबी स्मृतीच्या यंत्रात हे सारे बसवले ते असे की, ग्रहांची यादी साठवलेलीच नाही. सहा बाइटांच्या एका बीजापासून, म्हणजे सुरुवातीच्या ठरलेल्या आकड्यांपासून, ठरावीक बेरजा करत प्रत्येक ग्रहाचे नाव, स्थान आणि व्यापार दर वेळी नव्याने काढला जातो, आणि बीज तेच असल्यामुळे उत्तरही दर वेळी तेच येते. गणिताच्या तासाला मी हे उदाहरण अनेक वर्षे वापरले.

लबाडीचा निकष लावायचा, तर फिरत्या अंतराळस्थानकात यान उतरवणे हा या खेळातला बदनाम प्रसंग आहे, पण तो लबाड नाही. स्थानक एकाच गतीने फिरते. दूर थांबून, अगदी समोर येऊन, आपली फिरत तिच्याशी जुळवली की यान आत जाते. मी पहिले पंधरा दिवस रोज आदळत होते आणि प्रत्येक वेळी कारण घाई हेच होते. दहा वर्षांच्या मुलीला हा खेळ कोरडा वाटेल, चौदाच्या मुलाला द्यावा. मात्र आपल्या ट्रंकेत स्पेक्ट्रमची मूळ कॅसेट असेल, तर तिच्यासोबत एक लहान प्लॅस्टिकचे भिंग असायला हवे. पडद्यावरची विस्कटलेली अक्षरे त्यातून वाचून टंकल्याशिवाय तो खेळ पुढे सरकत नाही.

रात्रपाळी

जेट सेट विलीची बाजू कोणीच घेतली नाही म्हणून लिहितो. तो पूर्ण करण्यासाठी खेळूच नये. ६० खोल्यांचा वाडा आहे, त्यातल्या काही खोल्यांची नावे वाचूनच हसू येते. वाड्यात हिंडावे, मरावे आणि आज नवी कुठली खोली दिसली ते वहीत टिपावे. आम्ही तिघा भावंडांनी त्याचा नकाशा आलेखाच्या कागदावर काढला होता आणि खेळापेक्षा नकाशाच जास्त वेळ केला. माझ्या मते लबाडपणा हा या खेळाचा दोष आहे, पण एवढ्यावरून तो टाकून देण्याजोगा ठरत नाही.

माळ्यावरची ट्रंक

सर्वांचे मनापासून आभार. ट्रंकेत एलीटची कॅसेट आहे, भिंग नाही. अडॅप्टरच्या पिनेविषयी वेळेवर कळले, कारण राऊटरचा अडॅप्टर मी काढूनच ठेवला होता. भाचीने स्कूल डेझमध्ये चारही शिक्षकांना आमच्या घरातल्यांची नावे दिली आहेत आणि मुख्याध्यापक मी आहे. मुलगा मॅनिक मायनरच्या पाचव्या गुहेपर्यंत पोहोचला, पण तिथे त्याने पुन्हा तोच आक्षेप घेतला आहे : शेवटची वस्तू उचलली की मधला तो मोठ्या डोक्याचा राखणदार खाली उतरून दारावरच बसतो. हा रडीचा डाव नव्हे काय, असे त्याने विचारायला सांगितले आहे.

अकरावी गल्ली

नव्हे. राखणदार उतरणार हे त्याला आता ठाऊक झाले आहे आणि तो दर वेळी उतरणारच आहे. तेव्हा कोणती वस्तू शेवटी उचलायची आणि त्या क्षणी तो राखणदार किती वर असला पाहिजे, हे गुहेत शिरण्याआधी ठरवावे लागेल. त्याला कागद-पेन्सिल द्या. पोक अजून देऊ नका.