पुराच्या दिवसांतली मैत्री आणि पहिली ओढ : आपापले अनुभव लिहावेत

पूर आलेल्या गावातल्या मुलामुलींच्या मैत्रीची आणि प्रेमाची एक किशोर कादंबरी माझ्या मुलीने नुकतीच वाचली आणि विचारले, "आई, आपल्या नदीची अशी गोष्ट कुठे वाचायला मिळेल?" वर्धा, वैनगंगा, पैनगंगा यांच्या काठी वाढलेल्या प्रत्येकाजवळ ती गोष्ट आहे, पण पुराविषयी बोलताना आपण पाणी कुठवर चढले, किती घरे पडली, एवढेच सांगतो, आणि त्या वेळी आपण पंधरा-सोळा वर्षांचे होतो हे सांगायचे राहून जाते. तेवढेच इथे लिहावे, ही विनंती. सुरुवात मी करते; माझ्यानंतर इतरांनी लिहिलेले अनुभव आहेत, त्यांचे ठिकाण कंसात दिले आहे.

३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीच्या पुराने मोवाडमधल्या २०४ माणसांचा बळी घेतला, तेव्हा मी नरखेड तालुक्यातल्याच दुसऱ्या गावी नववीत होते. माझी जिवाची मैत्रीण मोवाडची होती आणि आठवडाभर आधीच आमचा अबोला झाला होता. ती मामाकडे सुखरूप असल्याचे सहाव्या दिवशी कळले. मी गेले, तेव्हा ती काहीच बोलली नाही. मी तिचे केस विंचरायला बसले. केसांच्या मुळांशी गाळ वाळून घट्ट झाला होता, फणीचे दोन दात मोडले, तरी तिने डोके हलवले नाही. संध्याकाळी तिने आपणहून माझ्या हातातली फणी घेतली आणि माझी वेणी घालून दिली. अबोल्याचा विषय आम्ही आजवर काढलेला नाही.

(ब्रह्मपुरी तालुका) ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशातून वैनगंगेला लोंढा आला, गोसीखुर्द धरणाचे सर्व ३३ दरवाजे उघडले गेले आणि धानाची रोवणी झालेल्या आमच्या बांध्या दिसेनाशा झाल्या. मी दहावीत होतो. करोनामुळे शाळा बंदच होती, आणि त्याच शाळेच्या स्लॅबवर आम्ही दोन रात्री काढल्या. शेताच्या धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, वादामुळे वर्षानुवर्षे एकमेकांशी न बोलणारे माझे आणि तिचे वडील तिथे एकाच गंजातली खिचडी जेवले, म्हणून मला तिच्याशी उघडपणे बोलता आले. तिची भूमितीची वही भिजून शाई पसरली होती. ती वही मी पुढे तीन आठवडे बसून पुन्हा लिहिली. आकृत्या मात्र तिनेच काढाव्यात म्हणून जागा कोरी सोडली. पाणी ओसरले तसा धुऱ्याचा वादही परत आला, आणि ती वही मला तिच्या धाकट्या भावाच्या हातून पाठवावी लागली.

(भामरागड) पर्लकोटा नदीच्या जुन्या पुलावरून पाणी गेले की आमचा संपर्क तुटे. वसतिगृहातली मैत्रीण अशा दिवसांत माझ्या वाटणीची भाकर झाकून ठेवी, मी येणार नाही हे ठाऊक असूनही.

(यवतमाळ जिल्हा) प्रेमाची गोष्ट जरूर लिहावी, पण पुरानंतर मुलींचे काय होते तेही तिच्यात यावे. जुलै २०२३ मध्ये पैनगंगेच्या पुराने माझ्या मैत्रिणीच्या वावराची माती खरडून नेली, आणि दिवाळीनंतर तिचे लग्न लावून दिले गेले. ती सतरा वर्षांची होती. वर्गातल्या ज्या मुलाने तिला डोंग्यात बसवून बाहेर काढले होते, त्याच्या घरी तिची बारावीची पुस्तके अजून आहेत. ती परत शिकायला येईल म्हणून त्याने ती कुणाला दिलेली नाहीत.