मिथेनॉलवर वाढणाऱ्या बॅक्टेरियाचे ऑक्सोट्रॉफ मिळतच नाहीयेत, काय करू?

गुलाबी_कॉलनी: नमस्कार मंडळी, एमएस्सीचं डिसर्टेशन चालू आहे. पानाचा ठसा मिथेनॉलच्या मिनरल प्लेटवर उमटवून गुलाबी मिथायलोबॅक्टेरियम काढलाय, जेनेटिक्ससाठी त्याचे ऑक्सोट्रॉफ, म्हणजे बाहेरून ॲमिनो ॲसिड दिल्याशिवाय न वाढणारे म्युटंट, हवेत. एनटीजी (म्युटेशन घडवणारं रसायन) दिलं, न्यूट्रिएंट अगारवर पसरवलं, तिथून मखमलीच्या कापडाने कॉलनींचा ठसा (रेप्लिका) मिथेनॉल मिनिमलवर, म्हणजे मिथेनॉल आणि क्षार एवढंच असलेल्या प्लेटवर. काही कॉलनी उगवल्या नाहीत म्हणून खूश झाले तर केसॅमिनो ॲसिड (ॲमिनो ॲसिडचं तयार मिश्रण) घालूनही ढिम्म. सर म्हणतात परत कर.

जुना_लॅबवाला: अगं ते ऑक्सोट्रॉफ असतीलच असं नाही, मिथेनॉलच पचत नसेल त्यांना. मिथेनॉल डिहायड्रोजनेज (मिथेनॉल पचवायची पहिली पायरी करणारं एन्झाइम) किंवा सेरीन सायकलमधलं (त्यातला कार्बन पेशीत बांधणारा मार्ग) काही तुटलं की तसंच दिसतं. मिथेनॉलऐवजी सक्सिनेट हा कार्बन असलेल्या मिनिमलवर पॅच करून बघ, तिथे मस्त वाढला तर तो सी-वन (एक-कार्बन पदार्थ न पचणारा) म्युटंट, तोही टाकू नकोस. आणि केसॅमिनोत ट्रिप्टोफॅन जवळपास नसतंच, ॲसिड हायड्रोलिसिसमध्ये उडून जातं, व्हिटॅमिन आणि प्युरीनचाही भरवसा नाही, ते वेगळे घाल.

अगारप्लेट: पेनिसिलिन एन्रिचमेंट केलंस का? नसेल तर नुसतं हुडकत बसण्यात अर्थ नाही. एनटीजीनंतर आधी सप्लिमेंट घालून थोडं वाढू दे, मग धुऊन मिनिमलमध्ये उपाशी ठेव म्हणजे आतला साठा संपतो, मग ॲन्टिबायोटिक. वाढणारे मरतात, ऑक्सोट्रॉफ अडून बसलेले असतात म्हणून वाचतात. पण ई. कोलायचं टायमिंग इथे उचलू नकोस, एएम१ सारखा मिथायलोबॅक्टेरियमचा नेहमीचा लॅब स्ट्रेनसुद्धा मिथेनॉलवर दुप्पट व्हायला ३-४ तास घेतो. सेल कमी ठेव, नाहीतर मेलेल्या सेलमधून गळलेलं खाऊन तुझे म्युटंट वाढायला लागतील आणि तेही मरतील. कुठलंही बीटा-लॅक्टम (पेनिसिलिनच्या गटातलं ॲन्टिबायोटिक) वापरण्याआधी किल कर्व्ह (किती वेळात किती मरतात ते) काढ, नाही मेले तर डी-सायक्लोसेरीन हे दुसरं ॲन्टिबायोटिक.

जुना_लॅबवाला: +१. तुझं नशीब की तुझा फॅकल्टेटिव्ह (मिथेनॉलशिवाय इतर कार्बनवरही वाढणारा) आहे. मिथायलोफिलस मिथायलोट्रॉफस, ज्यापासून आयसीआय ही ब्रिटिश रसायन कंपनी प्रुटीन नावाचं पशुखाद्य बनवायची, तो ऑब्लिगेट (जवळपास मिथेनॉलसारख्या पदार्थांवरच वाढणारा), त्याचे ऑक्सोट्रॉफ काढताना लोकांच्या नाकी नऊ आले. बाहेरचं ॲमिनो ॲसिड आत नीट जातच नसेल तर म्युटंट सप्लिमेंटच्या प्लेटवरही उपाशीच मरणार ना.

गुलाबी_कॉलनी: सक्सिनेटवर पॅच केले, बहुतेक सगळे उगवले 😭 एकच अडलाय. आता मास्टर प्लेट कशावर घेऊ?

अगारप्लेट: सक्सिनेट मिनिमल अधिक सप्लिमेंट, आणि रेप्लिका नुसत्या सक्सिनेटवर. कार्बन दोन्हीकडे एकच ठेव म्हणजे हा घोळ होणारच नाही. त्या एकट्याला आधी स्ट्रीक करून शुद्ध कर, मग ॲमिनो ॲसिडचे पूल (गट करून) लाव. एनटीजी हाताळताना ग्लोव्ह्ज आणि हूड, त्यात आळस नको.