शब्द हवा: सिलिकॉनची झीज, हानी की इजा?

टाचणी
सर्न या युरोपातल्या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेतल्या कणशोधकांवर शाळकरी मुलांसाठी लेख लिहितेय आणि 'रेडिएशन डॅमेज'पाशी तीन दिवस अडकलेय. 'किरणोत्सर्गाने होणारे नुकसान' असं लिहून भाच्याला वाचायला दिलं, तर म्हणतो, "मावशी, म्हणजे त्या चकतीला कॅन्सर होतो?" सिलिकॉनच्या पातळ चकतीतून वर्षानुवर्षं कण आरपार जातात आणि ती हळूहळू निकामी होत जाते, एवढंच सांगायचंय. 'झीज' चालेल का?

सहाण
चालेल की. उंबरा झिजतो, चपलेची टाच झिजते. एका फटक्यात काही होत नाही, वापराने होतं. माझं मत झीजेला.

लोलक
टाचणीताई, झीज नको. (पूर्वी काही वर्षं याच कामात होतो, म्हणून जरा लांबण लावतो.) झिजताना वस्तूतलं काहीतरी निघून जातं, चंदनाचं खोड लहान होतं. इथे चकतीतून काहीच जात नाही. जातं ते अणूचं ठिकाण. स्फटिकात सगळे अणू कवायतीला उभे असतात. प्रोटॉन, पायॉन किंवा न्यूट्रॉन असा एखादा सूक्ष्म कण त्यातल्या एका अणूला नेमका धडकला की तो रांगेतून उडतो आणि दोन रांगांच्या मध्ये कुठेतरी जाऊन अडकतो. मागे रिकामी जागा राहते. त्यासाठी साधारण २५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (ऊर्जेचं अगदी छोटं एकक) पुरतात. एरवी विद्युतभारित कण जाता जाता फक्त इलेक्ट्रॉन सुटे करतो, दर ३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्टमागे सरासरी एक जोडी, म्हणजे सुटा इलेक्ट्रॉन आणि त्याची मागे उरलेली पोकळी. तोच आपला संकेत. त्याची खूण मागे राहत नाही.

त्या रिकाम्या जागाही स्वस्थ बसत नाहीत. फिरत फिरत ऑक्सिजन, फॉस्फरस अशा परक्या अणूंशी जोड्या जमवतात. मग कण गेलेला नसतानाही प्रवाह पाझरू लागतो, तो वाढतो माऱ्याच्या प्रमाणात. याला 'गळती' म्हणा, नळाची असते तशीच. शिवाय संकेताचे इलेक्ट्रॉन वाटेतच अडकतात आणि पूर्ण चकती कामाची राहावी म्हणून व्होल्टेज वाढवत न्यावं लागतं.

आणि 'किरणोत्सर्ग'ही टाळा. वर्तमानपत्रं तो शब्द सगळ्यालाच लावतात, पण मुलांना त्यातून युरेनियम आठवतं. परिभाषेतला शब्द 'प्रारण'. मी सरळ 'कणांचा मारा' म्हणेन. लार्ज हॅड्रॉन कोलायडर या सर्नच्या कण आदळवणाऱ्या यंत्राच्या पुढच्या टप्प्यात शोधकांच्या अगदी आतल्या थरांवर दर चौरस सेंटिमीटरला दहाच्या सोळाव्या घाताहून जास्त न्यूट्रॉनांइतका मारा धरलाय. त्याला उत्सर्ग काय म्हणायचं!

मुलुंडकर
अणू जागचा हलला म्हणजे विस्थापित झाला. मग ॲनिलिंगला, म्हणजे उबेने ही बिघडलेली रचना सावरते त्याला, 'पुनर्वसन' म्हणा. आमचं गाव कोयनेत गेलं, त्यामुळे हा शब्द किती खरा ठरतो ते ठाऊक आहे.

लोलक
काका, हसलो, पण तुम्ही म्हणताय ते तंतोतंत लागू आहे. काही अणू परत जागेवर येतात, बाकीचे नव्या वस्त्या करतात.

टाचणी
ॲनिलिंगला धातुकामात 'अनुशीतन' म्हणतात ना?

लोलक
तिथे ठीक आहे, धातू तापवून सावकाश निववतात. इथे मुलं फसतील. सिलिकॉनची दुरुस्ती होते ती उबेत. चाचणीसाठी ६० अंशांवर ८० मिनिटं ठेवायचा प्रघात आहे. पण त्याहून जास्त ऊब मिळाली की उलटं सुरू होतं, दोष वाढतात. खोलीच्या तापमानाला हेच काही महिन्यांत होतं, म्हणून मारा खाल्लेले शोधक यंत्र बंद असतानाही शक्यतो थंडच ठेवतात. थंडीने दुरुस्ती होत नाही, बिघाड फक्त थिजून राहतो. शिवाय सात-एक अंश तापमान वाढलं की गळती दुप्पट होते, ते वेगळंच.

सहाण
मग मी झीज मागे घेतो. तुम्ही सांगताय ती जखम आहे. आधी भरून येते, नीट जपली नाही तर चिघळते. 'इजा' घ्या, क्रियापदं आयती मिळतात. (पुढे बिजा-तिजा होऊ नये म्हणजे झालं.)

मुलुंडकर
सर्नच्या सीएमएस या मोठ्या शोधकातल्या प्रीशॉवर नावाच्या भागासाठी सिलिकॉनचे शोधक करण्यात ट्रॉम्ब्याच्या भाभा केंद्राचा हात होता. तिथली मराठी मंडळी काय म्हणत असतील?

लोलक
'डॅमेज'. आणखी काय?

टाचणी
ठरलं. शीर्षकात 'कणांच्या माऱ्याने होणारी इजा', आत 'भरून येणे' आणि 'चिघळणे'. 'गळती' तशीच ठेवते. आता शेवटचं: मारा वाढत गेला की एन प्रकारचं (इलेक्ट्रॉन जास्त असलेलं) सिलिकॉन पी प्रकारासारखं (पोकळ्या जास्त असलेल्यासारखं) वागू लागतं, त्याला काय म्हणू? 'प्रकार-व्युत्क्रम' लिहिलं तर भाचा घर सोडून जाईल.

सहाण
पक्षांतर.