मदत हवी आहे: टॉय हॉलर मागून डोलतोय

मंडळी, अमेरिकेत फिनिक्सला राहतो, हाफ-टन (हलक्या वर्गातला) पिकअप आहे, नुकताच जुना टॉय हॉलर (मागे गाड्या ठेवायला गॅरेज असलेला राहण्याचा ट्रेलर) घेतला. रिकामा मस्त सरळ चालला, पण मागच्या गॅरेजात दोन क्वाड (चार चाकांच्या ऑफ-रोड बाइक) भरून फ्लॅगस्टाफला गेलो तर येताना आय-17 हायवेच्या उतारावर शेजारून मोठा ट्रक गेला की ट्रेलर असा डोलायचा की बायकोने हँडल घट्ट धरलं, पोरं एकदम गप्प. काट्यावर टंग वेट (ट्रेलरचा पिकअपच्या हिचवर, म्हणजे जोडावर पडणारा भार) ट्रेलरच्या एकूण वजनाच्या जेमतेम 8 टक्के निघालं, 10 ते 15 पाहिजे ना? पुढची पाण्याची टाकी भरली तर ते वाढेल, पण पिकअपच्या दारावरच्या स्टिकरचं पेलोड (गाडीवर किती वजन चालतं ती मर्यादा) संपतंय. वेट डिस्ट्रिब्युशन हिचने (भार सगळ्या चाकांवर वाटणाऱ्या जोडाने) भागेल की थ्री-क्वार्टर टन (जास्त भार पेलणारा) पिकअपच घ्यावा? कोणी स्वतः ओढत असेल तर प्लीज सांगा, पोरांना घेऊन पुन्हा तसं जायची हिंमत नाही.