मदत हवी आहे: कावासाकी होऊन गेलेल्या मुलाच्या हृदयाची तपासणी किती वर्षं?

मुलगा ९ वर्षांचा, चौथीत. सव्वा वर्षाचा असताना त्याला कावासाकी झाला होता. (लहान मुलांच्या रक्तवाहिन्यांना, हृदयाच्या नसांनाही, सूज आणणारा आजार आहे, मोटारसायकल नव्हे. आमच्या नातेवाइकांना हे अजून सांगावं लागतं.) ज्यांच्या मुलांना हा होऊन बरीच वर्षं झाली आहेत, त्यांच्याकडून ऐकायचं आहे.

तेव्हा ताप उतरतच नव्हता. डोळे लाल पण चिपडं नाहीत, ओठ फुटलेले, अंगावर पुरळ. आधी व्हायरल, मग गोवर असेल, असं करत आठवडा गेला. आठव्या दिवशी दुसऱ्या डॉक्टरांनी बाही वर करून दंड पाहिला. बीसीजीचा व्रण लालबुंद होऊन सुजला होता. मी रोज ओल्या फडक्याने तोच दंड पुसत होते, पण त्याचा तापाशी काही संबंध असेल हे डोक्यातही आलं नाही. त्याच रात्री आयव्हीआयजी (दात्यांच्या रक्तातल्या प्रतिपिंडांचं औषध, शिरेतून) सुरू केलं, वजनाच्या किलोमागे २ ग्रॅम. ताप गेला. नंतरच्या आठवड्यात बोटांच्या टोकांची कातडी लसणाच्या सालीसारखी सुटून हातात आली.

इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) एलएडीवर, म्हणजे हृदयाला रक्त पुरवणाऱ्या एका मुख्य नसेवर, लहान फुगा निघाला. झेड स्कोअर (त्या अंगाच्या मुलांच्या सरासरीपेक्षा नस किती रुंद याचा आकडा) ३.८. रोज ॲस्पिरिन, एमएमआरची (गोवर-गालगुंड-रुबेलाची) लस आयव्हीआयजीमुळे ११ महिने पुढे. दीड वर्षाने स्कोअर १.६ झाला, गोळी बंद झाली आणि वर्षाला एक इको राहिला.

यंदा बदली होऊन नव्या गावी आलो. इथल्या डॉक्टरांनी इको केला आणि म्हणाले, "एकदम नॉर्मल. परत यायची गरज नाही." आधीच्या मॅडम मात्र म्हणायच्या, इकोत नसेच्या आतल्या पोकळीचं माप कळतं, भिंतीचं फारसं नाही. फुगा बसला (आकसला) म्हणजे बरेचदा तिथली भिंत आतून जाड झालेली असते, आणि अशी नस गरजेच्या वेळी इतरांइतकी रुंदावत नाही. आता कोणाचं धरायचं? त्यात शाळेच्या खो-खो संघात त्याचं नाव आलंय. मी सहीचा कागद चार दिवस फ्रिजवर लावून ठेवलाय.

प्रतिसाद १

माझ्या मुलीला तिसऱ्या वर्षी झाला होता, आता ती १६ची आहे. तिच्या नसा कधी फुगल्याच नव्हत्या, म्हणून आम्हाला वर्षभरात मोकळं केलं. तुमचं तसं नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०१७च्या मार्गदर्शक सूचनांत मूल कुठल्या गटात हे आजच्या स्कोअरवर ठरत नाही, आजवरच्या सगळ्यात मोठ्या स्कोअरवर ठरतं. २.५ ते ५ च्या आत म्हणजे लहान फुगा. तो बसला तरी १ ते ३ वर्षांनी दाखवत राहायचं. नव्या डॉक्टरांनी जुना आकडा पाहिला होता का? की फक्त समोरचा इको?

दुसरं, मूल मोठं होतं तशी छातीवरून नस नीट दिसेनाशी होते, आणि इकोत दिसतो तो मुख्यतः सुरुवातीचा भाग. म्हणून या वयात ट्रेडमिलसारखी ताण देऊन केलेली तपासणी विचारा. त्यात रक्तपुरवठा कमी पडतोय का ते कळतं.

खो-खोचं डॉक्टरांनाच थेट विचारा, पण माझ्या माहितीप्रमाणे फुगा बसलेला, गोळ्या बंद आणि तपासणी चांगली असेल तर सहसा अडवत नाहीत. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर मार लागणारे खेळ टाळायला सांगतात. पळताना छातीत दुखलं किंवा चक्कर येऊन पडला तर मात्र घरी थांबायचं नाही. आणि घरात कोणी सिगारेट ओढत असेल तर ती आधी बंद.

धागाकर्ती

धन्यवाद. तुम्ही विचारलंत म्हणून फाईल काढली. नव्या डॉक्टरांना मी फक्त मागच्या वर्षीचा रिपोर्ट दाखवला होता, चूक माझीच. पहिल्या इकोचं चकचकीत कागदावरचं चित्र पार फिकं पडलंय, आकडे कसेबसे वाचता येतात. फोटो काढून ठेवले. सोमवारी सगळी फाईल घेऊन परत जातेय, सही त्यानंतर.

एक राहिलं: ९ वर्षांचं मूल ट्रेडमिलवर नीट चालतं का? आमचा घाबरट आहे. कोणी केली असेल तर आधी त्याला काय सांगितलंत?