सल्ला हवा: शाळकरी मुलांच्या फारसी श्रवण-आकलनाची परीक्षा कशी घ्यावी?

शनिवारचा_वर्ग

नमस्कार. मी लंडनमध्ये राहते. यजमान इराणी असल्यामुळे घरात मराठी आणि फारसी दोन्ही भाषा चालतात, आणि गेली चार वर्षे मी दर शनिवारी सकाळी इथल्या एका फारसी शाळेत बारा ते पंधरा वर्षांच्या मुलांना शिकवते. वर्गात चौदा मुले आहेत. बहुतेकांचे आईवडील इराणमधून आलेले आहेत, तिघे अफगाण कुटुंबांतले आहेत आणि दोघांच्या घरी फारसी कोणीच बोलत नाही. यांतली काही मुले पुढे जीसीएसईला (इथल्या साधारण सोळाव्या वर्षीच्या शालेय परीक्षेला) फारसी घेणार आहेत. त्या परीक्षेत श्रवण, संभाषण, वाचन आणि लेखन या चारही कौशल्यांना प्रत्येकी २५ टक्के गुण असतात, म्हणून श्रवणाची चाचणी आतापासूनच नीट घ्यावी असे मला वाटते.

गेल्या सत्राअखेर मी पाठ्यपुस्तकातला एक संवाद स्वतः वाचून ध्वनिमुद्रित केला, वर्गात एकदा ऐकवला आणि दहा प्रश्नांची उत्तरे फारसीत लिहायला सांगितली. निकाल पाहून मी अस्वस्थ झाले. जी मुलगी दर रविवारी शिराजच्या आजीशी तासभर फोनवर बोलते तिला वीसपैकी सहा गुण मिळाले आणि ज्याच्या घरी फारसीचा शब्दही नाही, पण ज्याने पुस्तक तोंडपाठ केले आहे, त्या मुलाला सतरा. मुलीची उत्तरपत्रिका पुन्हा वाचली तेव्हा दिसले की तिला सगळे कळले होते. ‘साबून’ हा शब्द ‘साद’ या अक्षराऐवजी त्याच उच्चाराच्या ‘सीन’ने लिहिला म्हणून अर्धा गुण, ‘सुबह’ चुकीच्या ‘ह’ने लिहिला म्हणून अर्धा गुण, असे मीच तिचे गुण कापत गेले होते.

माझे प्रश्न असे आहेत. ध्वनिमुद्रण बोलीत असावे की ग्रांथिक फारसीत? उत्तरे कोणत्या भाषेत घ्यावीत? किती वेळा ऐकवावे? आणि शाळेतले जुने शिक्षक श्रुतलेखनाचा आग्रह धरतात, त्याचे काय करावे?

प्रश्नपेढी

मला फारसी येत नाही. मी नाशिकला शाळेत जर्मन शिकवतो आणि परकीय भाषांच्या श्रवण-चाचण्या बरीच वर्षे तयार करत आलो आहे, तेव्हा चाचणीच्या बाजूनेच सांगतो.

तुम्ही घेतलेल्या चाचणीत तीन परीक्षा एकत्र झाल्या: कानाची, शुद्धलेखनाची आणि स्मरणशक्तीची. ज्या गोष्टीची परीक्षा घ्यायची आहे तिच्यासाठीच गुण जावेत, हा नियम घट्ट धरावा. उत्तर लिहिण्याचा भार शक्य तितका कमी करावा. चार चित्रांतून एक निवडणे, वेळापत्रकातली रिकामी घरे आकड्यांनी भरणे, नकाशावर रस्ता आखणे, कोण काय म्हणाले ते रेघांनी जोडणे, हे सगळे श्रवणाच्या चाचणीत उत्तम चालते. जिथे शब्दांत उत्तर हवेच असेल तिथे ते मुलांना सर्वांत सोप्या वाटणाऱ्या भाषेत घ्यावे आणि त्यातल्या लेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष करावे.

एकदाच ऐकवणे मला अन्यायाचे वाटते. प्रत्यक्ष बोलताना मूल ‘काय म्हणालात?’ असे विचारू शकते. यंत्राला विचारू शकत नाही. दोनदा ऐकवावे आणि पहिल्यांदा ऐकवण्यापूर्वी प्रश्न वाचायला वेळ द्यावा. कशासाठी ऐकायचे आहे हे ठाऊक नसेल तर मूल सगळेच लक्षात ठेवू पाहते, आणि मग आकलन बाजूला राहून पाठांतराची कसोटी लागते. या वयाला एकेक तुकडा सव्वा-दीड मिनिटापेक्षा लांब नसावा, आणि प्रश्नांचा क्रम ध्वनिमुद्रणातल्या माहितीच्या क्रमानुसार असावा.

आणखी एक तपासणी कधीही चुकवू नये. ध्वनिमुद्रण न ऐकवता फक्त प्रश्नपत्रिका घरातल्या एखाद्या माणसाला सोडवायला द्यावी. जे प्रश्न त्याला न ऐकताच बरोबर सोडवता येतील ते काढून टाकावेत.

चिनार

माझी तेहरानमध्ये पाच वर्षे नोकरी झाली आणि माझी दोन्ही मुले तिथेच फारसी शिकली. बोली की ग्रांथिक, हा तुमचा पहिला प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण फारसीत हे अंतर मराठीतल्या ‘केलेलं’ आणि ‘केलेले’ यांच्यापेक्षा बरेच मोठे आहे.

पुस्तकात ‘मीखाहम बे खाने बेरवम’ (मला घरी जायचे आहे) असे असते. घरात माणूस ‘मीखाम बेरम खूने’ म्हणतो. ‘नान’चा ‘नून’ होतो, ‘मीदानम’चे ‘मीदूनम’, ‘मीगूयद’चे ‘मीगे’, ‘अगर’चे ‘अगे’. ‘खूब अस्त’ हे दोन शब्द ‘खूबे’ या एकात मिटतात. त्यातही सरसकट नियम लावता येत नाही, कारण ‘तेहरान’चे ‘तेहरून’ होते आणि ‘ईरान’ मात्र ‘ईरान’च राहते. आजीशी बोलणाऱ्या मुलीला ‘मीगूयद’ परके वाटले असेल, आणि पुस्तक पाठ केलेला मुलगा तेहरानच्या भाजीवाल्यापुढे उभा राहिला तर त्याला पहिले वाक्यही कळणार नाही. दोघांचेही ज्ञान अर्धेच आहे, आणि तुमच्या चाचणीने त्यातले एकच अर्धे मोजले.

म्हणून प्रसंग पाहून भाषा ठरवावी. हवामानाचा अंदाज, विमानतळावरची घोषणा, बातमी हे तुकडे ग्रांथिक भाषेत असावेत, कारण इराणमध्येही ते तसेच ऐकू येतात. फोनवरचे बोलणे, दुकान, मैत्रिणींच्या गप्पा हे बोलीत असावे. बोलीतला संवाद कोणालाही वाचून दाखवायला सांगू नये. दोन माणसांना प्रसंग आणि माहितीचे चार मुद्दे द्यावेत आणि बोलू द्यावे. लिहिलेले वाचायला दिले की इराणी माणूस नकळत ग्रांथिक उच्चारांकडे वळतो, हे मी घरात अनेकदा पाहिले आहे.

प्रश्नांसाठी दुकानाचा प्रसंग फार उपयोगी पडतो. इराणचे अधिकृत चलन रियाल आहे, पण लोक तोमानमध्ये बोलतात आणि दहा रियालांचा एक तोमान होतो. दुकानदार ‘सी-ओ-पंज हेजार तोमन’ म्हणाला तर पावतीवर ३,५०,००० रियाल असतील. चार पावत्यांची चित्रे देऊन योग्य पावती निवडायला सांगितली की संख्या आणि व्यवहार दोन्ही तपासले जातात. संख्यांमध्ये ‘हफ्ताद’ आणि ‘हश्ताद’ म्हणजे ७० आणि ८०, तसेच ‘हेफ्दाह’ आणि ‘हेज्दाह’ म्हणजे १७ आणि १८, या जोड्या कानाला खरोखर कठीण जातात.

त्याच प्रसंगात ‘तआरोफ’ही, म्हणजे इराणी शिष्टाचाराचे औपचारिक बोलणेही, आणता येईल. किंमत विचारल्यावर दुकानदार आधी ‘घाबेली नदारे’ म्हणतो, म्हणजे ‘तुमच्यापुढे याची काय किंमत!’ ही रीत आहे. वस्तू फुकट मिळालेली नसते. ‘बाईंनी पैसे दिले का?’ असा प्रश्न विचारला तर शब्दांपलीकडचे आकलन तपासता येते.

वारांकडेही लक्ष असू द्यावे. इराणी आठवडा शनिवारी, म्हणजे ‘शंबे’ला सुरू होतो, त्यामुळे ‘येकशंबे’ रविवार आणि ‘सेशंबे’ मंगळवार. इंग्लंडमध्ये वाढलेली मुले ‘येक’ ऐकून सोमवार लिहितात.

मोडीवाचक

मी पुण्यात असतो आणि मराठेशाहीतली फारसी कागदपत्रे वाचता यावीत म्हणून फारसी शिकलो. ती डोळ्यांनी शिकलो, कानांनी नाही, त्यामुळे पहिल्यांदा इराणी बातम्या लावल्या तेव्हा ओळखीचे शब्दही अनोळखी वाटले. तो अनुभव इथे उपयोगी पडेल असे वाटते.

फारसी लिपीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत. त्यामुळे जे कागदावर दिसत नाही ते कानालाच पकडावे लागते, आणि श्रवणाच्या चाचणीत नेमके तेच विचारण्यासारखे असते. ‘मर्दी’ हा शब्द घ्या. आघात ‘मर्’वर असेल तर अर्थ ‘एक माणूस’, शेवटच्या ‘दी’वर असेल तर ‘पुरुषार्थ’, आणि तीच अक्षरे ‘मोर्दी’ अशी वाचली तर ‘तू मेलास’. लिखाणात तिन्ही सारखेच दिसतात. तसेच ‘बद’ म्हणजे वाईट, ‘बअद’ म्हणजे नंतर आणि ‘बाद’ म्हणजे वारा. इराणी तोंडात पहिल्यातला ‘अ’ आपल्या ‘ॲ’कडे झुकतो आणि तिसऱ्यातला ‘आ’ आपल्या ‘ऑ’कडे. मराठी कानाला हा फरक सवयीने येतो. मला यायला वर्ष लागले. घरी फारसी नसलेल्या तुमच्या दोन मुलांसाठी अशा जोड्यांची छोटी, बिनगुणांची चाचणी दर आठवड्याला पाच मिनिटे घेतली तर मोठ्या चाचणीत ती कुठे अडतात हे आधीच कळेल.

अफगाण मुलांबद्दलही लिहितो. हिंदुस्थानात जी फारसी नांदली तिच्यात ‘शेर’ म्हणजे सिंह आणि ‘शीर’ म्हणजे दूध असा फरक होता, आणि अफगाणिस्तानातल्या फारसीत, म्हणजे ‘दरी’ भाषेत, तो आजही आहे. इराणमध्ये मात्र दोन्हींचा उच्चार ‘शीर’च होतो. पुण्यात शिकायला आलेल्या एका अफगाण विद्यार्थ्याने मला हे समजावले तेव्हा माझे जुने उच्चार त्याला जवळचे वाटत होते. इराणी ‘खाने’ त्याच्या तोंडी ‘खाना’ होते, शाळेला तो ‘मद्रेसे’ऐवजी ‘मकतब’ म्हणतो आणि रुग्णालयाला ‘बीमारेस्तान’ऐवजी ‘शफाखाना’. चाचणीतले सगळे आवाज तेहरानचेच असतील तर त्या तिघांची परीक्षा इतरांपेक्षा कठीण होईल. एखादा तुकडा काबूलच्या आवाजात असावा, आणि ज्या शब्दावर प्रश्नाचे उत्तर अवलंबून आहे तो शब्द दोन्हीकडे समान असावा.

शनिवारचा_वर्ग

आपण सर्वांनी इतके मनापासून लिहिले, त्याबद्दल आभार. श्रुतलेखनाचे एवढेच सांगते की फारसीत ‘ज’ (इंग्रजी ‘z’सारख्या) या एका ध्वनीला चार अक्षरे, ‘स’ला तीन आणि ‘त’ला दोन अक्षरे आहेत, त्यामुळे श्रुतलेखनात कान कितीही तयार असला तरी हात चुकतो. ते मी शुद्धलेखनाच्या गुणांत वेगळे घेणार आहे, आणि जुन्या शिक्षकांनाही ते मान्य झाले आहे.

उत्तरांच्या भाषेबद्दल एक अडचण आहे. मुलांना सोपी भाषा इंग्रजी. पण ‘अम्मे’ म्हणजे आत्या आणि ‘खाले’ म्हणजे मावशी. इंग्रजीत दोघींना ‘आंटी’ हा एकच शब्द. संवादात आत्या आली की मावशी, हाच प्रश्न असेल तर इंग्रजी उत्तरातून काहीच कळणार नाही. मराठीत असते तर प्रश्नच आला नसता!

प्रश्नपेढी

मग तिथे शब्द मागूच नका. वंशवृक्षाचे चित्र द्या आणि ज्या व्यक्तीबद्दल बोलणे चालले आहे तिच्यावर खूण करायला सांगा. वर्गात चौदाच मुले आहेत, त्यामुळे टक्केवारीची मोठी गणिते मांडण्यात अर्थ नाही. पण ज्या प्रश्नात तुमची तयार मुले चुकली आणि कच्ची बरोबर आली तो पुन्हा ऐकून पाहा. बहुधा प्रश्नातच खोट असते.

शनिवारचा_वर्ग

तीन आठवड्यांनी पुन्हा लिहिते आहे, कारण काल चाचणी झाली.

चार तुकडे ठेवले: ग्रांथिक भाषेत हवामानाचा अंदाज, बोलीत दुकानाचा प्रसंग, नवरोजबद्दल एका आजींचे बोलणे, आणि अफगाण पालकांपैकी एका वडिलांनी मुलीला शाळेतून कधी न्यायला येणार ते सांगणारा निरोप. ध्वनिमुद्रण आमच्या झोपायच्या खोलीत पडदे ओढून केले, कारण स्वयंपाकघरात फ्रिजचा आवाज येत होता. प्रश्न वाचायला पाच मिनिटे दिली आणि प्रत्येक तुकडा दोनदा ऐकवला. न ऐकता सोडवण्याची तपासणी माझ्या शेजारणीवर केली, तेव्हा नवरोजचा प्रश्न लगेच बाद झाला. ‘हफ्त-सीनच्या टेबलावर काय होते?’ (हफ्त-सीन म्हणजे नवरोजला मांडायच्या, ‘स’ने सुरू होणाऱ्या सात वस्तू) याला तिने सफरचंद आणि लसूण असे बरोबर उत्तर दिले, कारण ती आमच्याकडे दरवर्षी येते. तो बदलून ‘आजी यंदा काय मांडायला विसरल्या?’ असा केला. उत्तर ‘सेर्के’ म्हणजे व्हिनेगर होते आणि ते ऐकल्याशिवाय सांगता येणे शक्य नव्हते.

शिराजच्या आजीशी बोलणाऱ्या मुलीला यावेळी वीसपैकी सोळा गुण मिळाले. तिचे चारही गुण हवामानाच्या तुकड्यात गेले, म्हणजे तिला ग्रांथिक भाषा ऐकवायला हवी. ‘घाबेली नदारे’च्या प्रश्नात नऊ मुलांनी ‘दुकानदाराने वस्तू भेट दिली’ हा पर्याय निवडला. तिने योग्य पर्यायावर खूण केली आणि शेजारी पेन्सिलीने इंग्रजीत लिहिले की त्याला तसे म्हणावेच लागते, आणि बाईंना पैसे द्यावेच लागतात.

पाठांतर करणाऱ्या मुलाला बारा गुण मिळाले. तो हिरमुसला होता, म्हणून तास संपल्यावर त्याच्याबरोबर बसून दुकानाचा तुकडा पुन्हा लावला. तिसऱ्यांदा ऐकताना त्याने ‘मीखाम’ ऐकून हात वर केला आणि ‘हे मीखाहमच आहे ना?’ असे विचारले. तो तुकडा त्याने घरी ऐकायला मागून नेला आहे.

चिनार, तुमच्या ओळखीत इराणी लहेजाने बोलणारी दोन शाळकरी मुले असतील तर त्यांच्या गप्पांचे एक-दीड मिनिटाचे ध्वनिमुद्रण मिळेल का? पालकांची लेखी परवानगी मी घेईन. आतापर्यंतचे सगळे आवाज मोठ्या माणसांचेच आहेत.

चिनार

माझी मुले आता मोठी झाली, पण भाची तेरा वर्षांची आहे आणि तिचे वडील इस्फहानचे आहेत. तिच्या मैत्रिणीला बरोबर घेऊन या शनिवारी करतो. विषय आणि माहितीचे चार मुद्दे तेवढे कळवा.