धानपट्ट्यातली कॅम्पेन: कोणते हाऊस रूल्स ठेवू, कोणते काढू?

बांधीवाला

रोवणे आटोपले की कापणीपर्यंत डंजन्स अँड ड्रॅगन्स (फासे टाकून, आपापलं पात्र चालवत खेळायची साहसकथा) खेळायला साधारण दहा रविवार मिळतात. दर वेळी तीन तास. पाच खेळाडू, त्यातले तिघे एकदम नवखे. पाया एसआरडी ५.१ चा, म्हणजे त्या खेळाच्या मूळ नियमांच्या पुस्तिकेचा, ठेवतो आहे. जानेवारी २०२३ पासून ती क्रिएटिव्ह कॉमन्समध्ये मोकळी आहे, म्हणजे नियम मराठीत उतरवून वाटले तरी अडचण नाही. पात्रांना पहिल्या लेव्हलपासून पाचव्यापर्यंत न्यायचे आहे.

मुलूख आपल्याकडच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांवरून घेतला आहे: एकाखाली एक तीन तलाव, तीन गावं, मध्ये जंगल. वरचा भरला की सलंगीवरून (सांडव्यावरून) पाणी खालच्यात उतरते. सगळ्यात खालच्या तलावाच्या पाळीत (बांधात) काहीतरी जागं होत आहे.

लिहून काढलेले हाऊस रूल्स (आमचे घरचे नियम; डी६ म्हणजे सहा बाजूंचा फासा, डी२० वीस बाजूंचा, ४डी६ म्हणजे चार डी६):
हल्ल्याच्या डी२० वर नॅचरल १ (फाशावरचाच १) पडला की फंबल टेबल (फजितीचा तक्ता). क्रिटला (२० पडून बसलेल्या, दुप्पट फाशांच्या वाराला) एक फासा पूर्ण धरायचा, दुसरा फेकून बघायचा. रात्रभर झोप म्हणजे शॉर्ट रेस्ट (थोडी ताकद परत), सात दिवस म्हणजे लाँग रेस्ट (पूर्ण विश्रांती). पाण्याचा हिशेब तासातासाला. अ‍ॅबिलिटी स्कोअर (पात्राच्या ताकद-चपळाईसारख्या सहा गुणांचे आकडे) ४डी६, सगळ्यात लहान फासा सोडून.

आणखी एक: डी२० एकच आहे, बाकी लुडोचे फासे. यातले काय चालेल?

तेंदूपान

फंबल टेबल आजच फाडा. शिक्षा नेमकी चुकीच्या माणसाला होते. एक हल्ला करणाऱ्याला दर पाळीला (खेळीला) १ पडायची शक्यता ५ टक्के. पाचव्या लेव्हलला फायटरला (लढवय्याला) दोन हल्ले मिळतात, तेव्हा तीच ९.७५ टक्के होते. म्हणजे तलवारीत जो सगळ्यात तरबेज, त्याच्याच हातून तलवार जास्त वेळा पडणार. आणि फायरबॉल (आगीचा मंत्र) टाकणारा विझार्ड (जादूगार) हल्ल्याचा फासाच टाकत नाही, सेव्ह (बचावाचा फासा) समोरच्यांनी करायचे, त्यामुळे तो नामानिराळा. पाच जण, चार राउंड, म्हणजे वीस फासे: एका लढाईत निदान एक फंबल व्हायची शक्यता ६४ टक्के. दर लढाईत कुणीतरी घसरून पडतोय असं होऊन बसतं. ठेवायचंच असेल तर पाळीतल्या फक्त पहिल्या हल्ल्याला लावा.

क्रिटचा नियम मोहात पाडतो, कारण खेळाडू तो स्वतःच्या बाजूने मोजतात. गॉब्लिनच्या (छोट्या राक्षसाच्या) बाजूने मोजा. त्याचा वार १डी६+२. पहिल्या लेव्हलच्या फायटरला १२ हिट पॉइंट (जीव) आहेत असं धरा. साध्या क्रिटला २डी६+२, त्यात १२ किंवा जास्त यायची शक्यता सुमारे १७ टक्के. तुमच्या नियमाने ८+१डी६, म्हणजे सरळ ५० टक्के. विझार्डचं बोलूच नका, त्याला कमीत कमी ९ बसतात. हा नियम तिसऱ्या लेव्हलनंतर सुरू करा, किंवा फक्त खेळाडूंसाठी ठेवा आणि तसं पहिल्याच दिवशी सांगून टाका.

४डी६ ची सरासरी १२.२४ येते, ती वाईट नाही. पण पाच पात्रांत एक तीन १६ घेऊन येतं आणि एक ९-१०-११ घेऊन, आणि ते दुसरं नेमकं नवख्याच्या वाट्याला जातं. १५, १४, १३, १२, १०, ८ सगळ्यांना सारखे द्या.

मोहफूल

रेस्टचा नियम काढू नका भाऊ, थोडा वाकवा. रात्र म्हणजे शॉर्ट रेस्ट केलं की फायटर आणि वॉरलॉक (करार करून जादू मिळवणारा) मजेत राहतात, कारण त्यांच्या बऱ्याच गोष्टी शॉर्ट रेस्टवर परत येतात. विझार्ड आणि क्लेरिक (पुजारी) स्लॉट (मंत्रांचा मोजका साठा) जपत बसतात. तीन तासांत तुमच्या दोनच लढाया होतील. दोन लाँग रेस्टच्या मध्ये सहा लढाया धरल्या तर तीन रविवार विझार्डनं काय करावं? त्यात मेज आर्मर (विझार्डचं मंत्राचं चिलखत) आठच तास टिकते, म्हणजे सात दिवसांच्या वाटेत एक दिवस अंगावर, सहा दिवस उघडा.

त्यापेक्षा असं करा: जंगलात कितीही झोपा, शॉर्ट रेस्टच. छपराखाली, गावात, सलग दोन रात्री काढल्या तर लाँग रेस्ट. आणि आठ तास टिकणारे मंत्र एका लाँग रेस्टपर्यंत दोनदा फुकट. हा शेवटचा तुकडा विसरू नका, नाहीतर नवखा मुलगा दुसऱ्या रविवारी विझार्ड सोडतो म्हणेल.

लेव्हल एक्स्पीवर (अनुभवाच्या गुणांवर) चढवू नका. तक्त्याप्रमाणे पाचवीला ६,५०० लागतात, दहा रविवारांत ते जुळवायला गॉब्लिनांची जत्रा भरवावी लागेल. पहिल्या, तिसऱ्या, सहाव्या आणि नवव्या सेशननंतर एकेक लेव्हल द्या.

चारखांबी

तासाचा पाण्याचा हिशेब कोणी करत नाही, तिसऱ्या सेशनला वही हरवते. एसआरडीत दिवसाला माणशी एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर, उन्हात दुप्पट. तेवढे पुरते. निम्मेच मिळाल्यास डीसी १५ (१५ गाठायचे) कॉन्स्टिट्यूशन (दमाचा) सेव्ह, हुकला तर थकव्याची एक पायरी; त्याहून कमी मिळाल्यास सेव्ह न करताच एक पायरी. पण ५.१ मधला थकवा फार झपाट्याने वाढत जातो: तिसऱ्या पायरीला हल्ले आणि सेव्ह दोन्हीवर डिसअ‍ॅडव्हान्टेज (दोनदा टाकून लहान आकडा धरायचा), चौथ्याला हिट पॉइंट निम्मे. २०२४ च्या नियमांतला थकवा उचला: दर पायरीला डी२० मधून २ वजा, सहाव्याला मरण. डोक्यात राहतो.

खरा हिशेब तलावांचा ठेवा. प्रत्येकाला सहा खाने काढा. सुरुवात वरच्यात ४, मधल्यात २, खालचा रिकामा. एक सेशन म्हणजे एक आठवडा, आणि सुरुवातीला एकदाच पावसाचे फासे, २डी६: ६ पर्यंत काही नाही, ७ ते ९ तिन्ही तलावांत एकेक खाना, १० किंवा वर दोन. वरचा भरला की उरलेलं सलंगीवरून खाली. सरासरी आठवड्याला पाऊण खाना पडतो, म्हणजे वरचा तिसऱ्या आठवड्याला काठोकाठ, मधला चौथ्याला, खालचा सहाव्याच्या आसपास. त्यापुढे पडलेला प्रत्येक खाना खालच्या पाळीवर जाईल. पाळ फुटायची भीती बरोबर अर्ध्या कॅम्पेनला येते, ती तुम्हाला रचावी लागत नाही.

खेळाडूंना एक काम द्या: तुडूम (तलावाचं दार) उघडून एका तलावातला एक खाना खाली सोडायचा. धानासाठी दहाव्या आठवड्याला प्रत्येक गावाला चार खाने लागतात. आता वरचं गाव पाणी सोडू देणार नाही, खालचं गाव कधी मागेल कधी नको म्हणेल. भांडण आपोआप लागते. मोहफूल म्हणतात तो लाँग रेस्टही ह्यालाच बांधा: तलावात दोनपेक्षा कमी खाने असतील त्या गावात लाँग रेस्ट नाही.

बिघडते कुठे तर सगळे तलाव रिकामे ठेवून सुरुवात केली की. मग पाचव्या सेशनपर्यंत खेळाडूंना ठरवायला काहीच नसते.

नकाशा सहा मैलांच्या षटकोनांचा करा, म्हणजे जवळपास तीन कोस. वाटेनं दिवसाला चार षटकोन, जंगलातून दोन. नाल्याला पूर असेल तर एकच. आणि एक विनंती, खऱ्या देवस्थानाचं किंवा गोंड देवाचं नाव राक्षसाच्या गुहेला देऊ नका. खेळायला बसलेल्यांपैकी कोणाच्या तरी घरी ते पूजतात.

चिंचोका_वीस

फाशांचं सोपं आहे. सारख्या आकाराचे वीस चिंचोके घ्या, मार्करनं १ ते २० लिहा, वरून नेलपॉलिशचा हात मारा, नाहीतर घामानं आकडे पुसतात. कापडी पिशवीत टाका, एक काढा, वाचा, परत टाका, हलवा. परत न टाकता खेळलात तर २० एकदा निघून गेला की पिशवी संपेपर्यंत येतच नाही, आणि लोक मोजायला लागतात. अ‍ॅडव्हान्टेजलाही (दोनदा काढून मोठा धरायचा) पहिला परत टाकूनच दुसरा काढायचा. मोठा चिंचोका बोटाला कळतो, म्हणून आकार सारखा पाहिजे.

दुसरी युक्ती: १ ते १० च्या चिठ्ठ्या आणि लुडोचा एक फासा. फाशावर १-२-३ आले तर चिठ्ठीचा आकडा तसाच, ४-५-६ आले तर त्यात १० मिळवा. शक्यता डी२० सारखीच राहते. फक्त ३डी६ वापरू नका. १५ किंवा वर डी२० मध्ये ३० टक्के वेळा येते, ३डी६ मध्ये ९ टक्केच, आणि २० तर कधीच नाही.

बांधीवाला

फंबल गेलं, क्रिट तिसऱ्या लेव्हलपासून, तलावांचे खाने घेतले. एक राहिलं: रात्रपाळीची लाइन आली की मोटरसाठी जागून दुसऱ्या दिवशी एकदोघं येत नाहीत. तिघंच आले तर?

मोहफूल

सेशन गावातच सुरू आणि गावातच संपवा. अडीच तास झाले की परतीची वाट धरायची. जो नाही आला तो पाळीवर पहाऱ्याला थांबला, त्याची लेव्हल बाकीच्यांसोबतच वाढते. लढाई मात्र दोन आकारांत लिहून ठेवा. पहिल्या लेव्हलच्या पाच जणांना चार गॉब्लिन कठीण पडतात पण झेपतात, तेच चार तिघांना मारून टाकतात. तिघांना दोन पुरे.

तेंदूपान

आणि ते दोन गॉब्लिन झुडपातून बाण मारू देऊ नका. त्यांचा स्टेल्थ (लपण्याचा गुण) +६ आहे, नवख्यांना दिसतच नाहीत. पहिल्या दिवशी सलंगीवर, मोकळ्यात उभे करा.